सासूबाई सायकलवरून घरी गेल्या

शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर सायकली उलट्या उभ्या असायच्या. सीट आणि हँडल खाली, चाकं वर. येणाजाणाऱ्याला वाटे, इथे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. एकदा तर एक माणूस खरोखरच पंक्चर काढायला चाक घेऊन आला, आणि आमच्या यांनी ते काढूनही दिलं. त्याला पैसे किती म्हणून विचारायची वेळ आली तेव्हा कुठे उलगडा झाला. दुकानबिकान काही नव्हतं. तो आमचा छंद होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी बोईसरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि नवरा कारखान्यात होता. त्यांच्याच खात्यात एक केरळी फोरमन होते, आणि आमच्या शेजारच्या खोलीत बँकेतले एक कारकून राहत. असे आम्ही चौघं. त्या काळी बोईसरात सायकल म्हणजे कामावर जायचं साधन. पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. त्यामुळे आठवडाभर सायकल मारलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा सायकल काढून, काही काम नसताना चिंचणीला जाऊन येतो, हे कुणाला पटत नसे. आमच्या घरमालकीणबाईंनी मला पहिल्यांदा विचारलं ते अगदी काळजीनं. म्हणाल्या, तिकडे कुणी आजारी आहे का?

सुरुवातीला हे तिघंच जायचे. मी डबे भरून द्यायची. पण पालघरला लहानपणी भावाच्या सायकलवर मी शिकले होते, आणि डबे भरता भरता ते आठवायला लागलं. एके दिवशी मी सरळच म्हणाले की पुढच्या रविवारी मीही येणार. यांनी कुठूनशी एक जुनी लेडीज सायकल आणली. मी पंजाबी ड्रेस शिवून घेतला, आणि सायकलपेक्षा त्या ड्रेसचीच आळीत जास्त चर्चा झाली.

आम्ही फार लांब जात नसू. चिंचणीचा किनारा, तारापूरचा किल्ला, नाहीतर नवापूर. नवापूरला सकाळी होड्या लागलेल्या असल्या की मासळी घेऊन यायची, हँडलला पिशवी अडकवून. एकदा पालघरवरून वाघोबाच्या खिंडीतही गेलो. तिथे चढावर चौघंही उतरून सायकली ढकलत होतो, आणि डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या पाड्यावरच्या बायका आम्हाला मागे टाकून हसत पुढे गेल्या.

फोरमननी आम्हाला एक शिस्त लावली होती. रांगेत चालायचं, एकामागे एक. पुढच्यानं खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा. समुद्राकडून वारा तोंडावर आला की पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि मागच्यांना हलकं जातं, म्हणून पुढे राहायच्या पाळ्या लावायच्या. कारकुनांची पाळी आली की नेमकी त्यांच्या बुटाची नाडी सुटायची. आम्ही ते ओळखून होतो, पण बोलत नव्हतो, कारण घरून चकल्या तेच आणायचे.

अशात एका हिवाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या.

यांचं गाव पालघरच्या पुढे, माहीमच्या अलीकडे. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरले दीर वाडी बघत. केळी, नारळ, पानवेल. सासूबाईंचा जन्म त्याच पट्ट्यात गेलेला. पाण्याच्या पाळ्या, झावळ्या, भाताच्या पेंढ्यांचं उडवं रचणं, पानं खुडणं. भात झोडून झालं आणि दीरांनीच त्यांना म्हटलं की जरा धाकट्याकडे जाऊन या, विश्रांती होईल. त्या आल्या आणि दोन दिवसांत विश्रांतीला कंटाळल्या. आमच्या दोन खोल्यांत त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. केर काढून झाला, तांदूळ निवडून झाले, शेजारणींची चौकशी करून झाली.

शनिवार आला आणि ओट्यावर सायकली उलट्या झाल्या.

खाऱ्या हवेनं स्पोक आणि रिमा पटकन गंजतात, म्हणून दर आठवड्याला सगळं पुसून काढावं लागे. चेन काढून डालड्याच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवायची, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासायची, वाळवायची, मग तेलाचा थेंब थेंब. अधूनमधून चाकाचा हब उघडून छर्रे धुवायचे आणि नवं ग्रीस भरायचं. सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या. थोड्या वेळानं सरकत सरकत ओट्यावर आल्या. मग हातात फडकं घेतलं. दिवे लागले तेव्हा माझ्या सायकलचा एकेक स्पोक त्यांनी चांदीच्या भांड्यासारखा घासून काढला होता.

त्या दिवसापासून ते काम त्यांचंच झालं. आम्ही कामावरून आलो की त्या संध्याकाळी आमच्या सायकली पुसत बसत. एका शनिवारी रात्री आमच्या नकळत त्यांनी ओट्यावरच्या चारही सायकलींच्या चेनना खोबरेल तेल लावलं, घरचं, वाडीतल्या नारळांचं. सढळ हातानं लावलं. रविवारी पहाटे थंडी होती. तेल गोठून पांढरं झालेलं, आणि कारखान्याच्या रस्त्यावरची धूळ त्याला अशी चिकटली की बेटेगावला पोहोचेपर्यंत चौघांच्या चेना बोंबलाला पीठ लावावं तशा दिसायला लागल्या. पॅडल मारताना दम लागत होता. आम्ही अर्ध्यातून परत आलो. सासूबाईंनी चेनला बोट लावून पाहिलं, वास घेतला, आणि एवढंच म्हणाल्या की केसांना चांगलं असतं. मग स्वतःच रॉकेलचा डबा घेऊन बसल्या.

पुढच्या रविवारी त्या म्हणाल्या, मला पण न्या.

यांनी त्यांना कॅरिअरवर बसवलं, खाली गोधडीची घडी घालून. नवापूरपर्यंत गेलो, आलो. वाटेत त्या सीट घट्ट धरून बसल्या होत्या. मला वाटलं, घाबरल्या असतील. घरी उतरल्यावर यांनी कौतुकानं विचारलं की कशी काय वाटली सहल.

"मागं बसून काय दिसतं?" त्या म्हणाल्या. "तुजी पाट."

हे हसले. त्या हसल्या नाहीत. "मला शिकवा," म्हणाल्या. "मंग मी माजी येईन."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आईला नाही म्हणायची सवय नव्हती आणि हो म्हणायची हिंमत होत नव्हती. वय झालं, हाडं मोडतील, दादा काय म्हणेल, लोक काय म्हणतील, असं सगळं ते मला आत येऊन सांगत राहिले. बाहेर आईला मात्र म्हणाले, बघू. निकाल लावला तो फोरमननी. ते चहाला आले होते आणि आमचं बोलणं त्यांना अर्धंच कळलं होतं, पण सासूबाई माझ्या सायकलच्या सीटवर हात ठेवून उभ्या होत्या ते त्यांना दिसलं. त्यांनी चहा संपवला, सायकलची सीट खाली केली, नट आवळला आणि सासूबाईंना म्हणाले, चलिए माँजी.

रविवारी कारखान्यांकडचे रस्ते मोकळे असत. रुंद, सपाट, आणि दुतर्फा नुसत्या भिंती. औषधांचा, रंगांचा, कसला कसला वास, पण बघायला कुणी नाही. तिथे त्यांचं शिक्षण चाललं. आणि एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली. पाचवारी साडीत सायकल म्हणजे माझी कसरत व्हायची, म्हणून तर मी ड्रेस शिवला. सासूबाईंचं नऊवारी लुगडं होतं, काष्टा मारलेलं. त्यांना काहीच आड येत नव्हतं. माझी लेडीज सायकल त्यांना आवडलीही नाही, ती डुलते म्हणाल्या. त्यांना यांची दांडीची सायकल भावली. एखाद्या दगडावर उभं राहून त्या टांग टाकून बसत, आणि फोरमन मागून सीट धरून धावत.

"माँजी, आगे देखो. पहिया मत देखो."

हिंदी त्यांना येत नव्हती, पण हे एक वाक्य त्यांना पाठ झालं. घरात मी पोळी लाटताना तव्याकडे बघत असले तरी म्हणायच्या, आगे देखो.

पडल्या बऱ्याचदा. एकदा कोपर सोललं, एकदा घोट्याला पॅडल लागलं. हे दर वेळी म्हणायचे, पुरे आता. त्या लुगड्याची धूळ झटकून दगड शोधायला लागायच्या. आणि मग एका सकाळी फोरमन धावत होते, धावता धावता थांबले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि सासूबाई एकट्याच पुढे जात राहिल्या. लांब वळणावर कारखान्याच्या फाटकातला वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहिला. मी यांच्याकडे पाहिलं. हे आईमागे पळत सुटले होते.

एकच गोष्ट त्यांना जमेना, उतरायची. ब्रेक लावला की पाय खाली टेकायच्या आत त्या सायकलसकट आडव्या व्हायच्या. म्हणून आम्ही असं ठरवलं की थांबायचं असलं की त्यांनी ओरडायचं, आणि फोरमननी पुढे जाऊन, स्वतःची सायकल टाकून, त्यांचं हँडल धरायचं. ते दोघांना इतकं सवयीचं झालं की उतरायला शिकायचं तसंच राहून गेलं.

घरी परत जायचे दिवस आले. हे गाडीचं तिकीट काढायला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तिकीट कशाला, मी सायकलवर जाणार.

आम्हाला वाटलं, गंमत करतात. पण त्यांनी बोचकंही बांधून ठेवलं होतं, कॅरिअरच्या मापाचं. मग रविवार ठरला. पाचही जण निघायचं, सावकाश जायचं, दमल्या तर पालघरला रिक्षात बसवायचं. कारकुनांनी दुप्पट चकल्या घेतल्या. यांची सायकल आईला, म्हणून स्वतःसाठी यांनी खात्यातल्या एका पालघरच्या माणसाची सायकल मागून आणली. शनिवारी यांनी आईच्या सायकलचा प्रत्येक नट स्वतः आवळून पाहिला, चाक जरासं आऊट होतं ते काढलं, ट्यूब पाण्यात बुडवून बघितली. आईसाठी यांना करता येण्यासारखं तेवढंच होतं. बाकीचं आता त्यांच्याच पायांवर होतं.

उजाडताना निघालो. बेटेगाव मागे पडलं, उमरोळी आली. सासूबाई रांगेत मधोमध. पुढे फोरमन, मागे मी. कापणी झालेल्या शेतांत बगळे उतरले होते आणि कुठे कुठे वालाचं हिरवं दिसत होतं. त्या मान वळवून बघत आणि सायकल लगेच त्या बाजूला जाई, की मी मागून म्हणे, आई, आगे देखो. पालघरला चहा घेतला. रिक्षाचा विषय हे काढणार होते, पण सासूबाईंनी चहा बशीत ओतून घाईघाईनं संपवला आणि दगड शोधायला लागल्या, म्हणून त्यांनी तो काढला नाही.

माहीमच्या रस्त्याला लागलो आणि वारा समोरून सुरू झाला. फोरमननी वारा घेतला, मग यांनी, मग मी. मग सासूबाई मागून म्हणाल्या की सगळे पुढं जातात, मी का नाय. त्यांना पुढे सोडलं. कमरेत वाकून, डोक्यावरचा पदर दातांत धरून त्या वाऱ्यात शिरल्या. त्यांच्यामागे आम्हाला आडोसा असा मिळत नव्हता, कारण त्या लहानखुऱ्या होत्या. पण त्या मागे यायला तयार नव्हत्या आणि आम्हीही कुणी म्हटलं नाही.

गावाच्या अलीकडच्या मोरीजवळ हे त्यांच्या बाजूला आले. हळूच म्हणाले, आई, इथून उतरून चालत जाऊ या. गावात सगळे ओळखीचे.

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "चालत तर मी रोजच येते," म्हणाल्या.

आणि तेवढ्यात कारकुनांची चेन उतरली. मडगार्डात अशी अडकली की चाक जाम. हे आणि फोरमन थांबले. मी वळून बघितलं, पुढे बघितलं, आणि सासूबाई निघूनच गेल्या होत्या. मी त्यांच्यामागे सुटले.

गावचा रस्ता अरुंद, दोन्हीकडे वाड्यांची कुंपणं. पहिलं घर गेलं. ओट्यावरचा माणूस दाढी करता करता थांबला. दुसरं, तिसरं. लोक कुंपणाशी यायला लागले. मला कळत होतं की आता त्यांना थांबवायला कुणी नाही, आणि मला स्वतः सायकलवर असताना त्यांना धरता येणार नाही. आमचं घर आलं. अंगणात जाऊबाई वाल सोलत बसल्या होत्या आणि थोरले दीर पानांची करंडी बांधत होते. दोघांनी माना वर केल्या. त्यांच्या आई त्यांच्यासमोरून सायकलवर चालल्या होत्या.

"उतरता येत नाय," सासूबाई जाता जाता म्हणाल्या. "देवळाला वळसा घालून येते. मला धरा."

आणि गेल्या पुढे. मी घरासमोर उतरले. मला दीरांच्या नजरेला नजर देता येईना. दीर गंभीर माणूस. त्यांना मी मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी करंडी बांधायचा केळीच्या सालीचा सोप खाली ठेवला, धोतर वर खोचलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. सुटलेलं वासरू अडवायला उभे राहतात ना, तसे. देवळाकडून आता सासूबाई परत येताना दिसल्या, आणि त्यांच्यामागे धावणारं अर्धं गाव. त्या जवळ आल्या, ब्रेक लागला, दीरांनी हँडल धरलं, आणि आई, मुलगा आणि सायकल असे तिघेही हळूहळू, अगदी सावकाश, कुंपणाशी रचलेल्या पेंढ्यात बसले.

दीर उठले. आईला उठवलं. लुगड्यावरचा पेंढा काढला. मग सायकलकडे नीट बघितलं.

"ब्रेक हाय का नाय हिला?"

"ब्रेक हाय," सासूबाई म्हणाल्या. "उतरणं नाय."

जाऊबाईंना पहिल्यांदा हसू फुटलं. तोंडाला पदर लावूनही थांबेना. मग कुंपणापलीकडच्या बायकांना, आणि शेवटी दीरांनाही. तेवढ्यात मागचे तिघं येऊन पोहोचले, यांचे हात काळे, कारकुनांचा सदरा काळा. दीरांनी हसू आवरून धाकट्या भावाला विचारलं की आईला सायकलवर बसवलं कुणी. यांनी मान खाली घातली. फोरमनना प्रश्न कळला असावा, त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मी बसले," सासूबाई म्हणाल्या, आणि बोचकं सोडून आत गेल्या.

दीरांनी शहाळी उतरवली. जेवणाला वालाचं बिरडं होतं आणि तांदळाच्या भाकऱ्या. दुपारभर बायका येत राहिल्या. सासूबाई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या, जाऊबाई त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळत होत्या. मला वाटलं होतं, त्या आता पडण्याच्या, सोललेल्या कोपराच्या गोष्टी सांगतील. त्या सांगत होत्या ती वाट. उमरोळीच्या पुढं किती बगळे, कुठल्या शेतात वाल लवकर फुलला, कुठल्या विहिरीचा कठडा ढासळलाय. जन्मभर त्या वाटेनं त्या गाडीनं आणि एसटीनं गेल्या होत्या. बाहेर इतकं काही आहे हे मला ठाऊक नव्हतं, म्हणाल्या. मी जेवणाची ताटं घासत ऐकत होते. मला तेव्हा माझ्या त्या पहिल्या रविवारची आठवण झाली, चिंचणीच्या सुरूच्या झाडांखालून पहिल्यांदा गेले होते तेव्हाची. कुणाला हे कसं सांगावं ते मला सुचलं नव्हतं. त्यांना सुचलं.

यांची सायकल तिथेच राहिली. आम्ही निघताना हे ती घ्यायला गेले तर तिच्यावर वाळत घातलेलं लुगडं होतं. हे निमूटपणे मागे आले. परतीच्या वाटेवर मागून आणलेली सायकल यांनी पालघरला तिच्या मालकाकडे पोचवली आणि पुढे ते कारकुनांच्या कॅरिअरवर बसले, आणि त्या दिवशी कारकुनांच्या बुटाची नाडी एकदाही सुटली नाही, कारण दीरांनी कारकुनांना दिलेला केळ्यांचा घड मांडीवर घेऊन हे मागे बसले होते आणि थांबलं की केळी वाटावी लागली असती.

सासूबाई नंतर उतरायलाही शिकल्या. दीरांनीच शिकवलं म्हणे, घराच्या मागच्या अंगणात, कुणी नसताना. पुढची काही वर्षं त्या सायकलवर वाडीत जात, बाजाराला जात. मग गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी फारसं मनाला लावून न घेता ती जाऊबाईंच्या हवाली केली. फोरमन निवृत्त होऊन त्यांच्या गावी गेले. कारकुनांची बदली झाली. आम्ही स्कूटर घेतली, तरी रविवारच्या सायकली सुटल्या नाहीत.

त्यातला एक रविवार सांगते. नव्वद साल उलटून गेलं होतं. आम्ही दोघं बोईसरहून निघालो आणि जाऊबाई गावाहून, त्यांच्याबरोबर आळीतल्या आणखी तिघी. ठरल्याप्रमाणे केळव्याच्या किनाऱ्यावर भेटलो. ओहोटी होती. ओली वाळू रस्त्यासारखी टणक झाली होती, आणि त्या चौघी सायकली चालवत थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. दीर सासूबाईंना बैलगाडीतून घेऊन आले होते. सासूबाईंनी गाडीत बसूनच सगळ्या सायकलींकडे एकदा नजर टाकली, आणि यांना हाक मारून सांगितलं की खारं पाणी लागलंय, आधी चेना पुसून घे. हे रुमाल काढून वाळूत बसले. मी आणि जाऊबाई सुरूच्या सावलीत डबे उघडायला गेलो.